बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांचं 120 तासांचं ओजेटी: त्यांना कामाला कुठे पाठवायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. प्लेसमेंट सेलचं कामही माझ्याकडे आहे. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मुलांना सहाव्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी, आहे. चार क्रेडिट, एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे 120 तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी काढायचे.

एमए-एमकॉमच्या वर्गांना हे आधीच सुरू झालंय आणि तिथे जे बघितलं त्याने झोप उडाली आहे. मामाच्या दुकानाचा शिक्का, ओळखीच्या पतसंस्थेची सही. एक हजेरीपत्रक माझ्या हातात आलं, त्यावर महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत केलेल्या स्पष्ट दिसत होत्या. विद्यार्थ्याला विचारलं, तिथे काय काम केलंस? तो म्हणाला, "सर, त्यांनी सांगितलं यायची गरज नाही, घेऊन जा प्रमाणपत्र."

यात त्या मुलाला मी दोष देत नाही. आमच्याकडे येणारी बरीच मुलं घरातली पहिली पदवीधर आहेत. वडील दुसऱ्याच्या ऊसात नाहीतर स्वतःच्या दीड एकरात. घराबाहेरच्या माणसाने काम सांगितलंय, ते करून दाखवलंय आणि त्याचा हिशेब दिलाय, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडायची संधी म्हणजे हे 120 तास. तेच कागदावर संपले तर तीन वर्षांत आम्ही त्यांना दिलं काय?

प्लेसमेंट सेल म्हणजे बहुतेक ठिकाणी वर्षातून एक रोजगार मेळावा, त्याचे फोटो आणि नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, फाईल. मेळाव्यात विमा विकायला आणि कॉल सेंटरला माणसं हवी असतात. मग मुलांसमोर दोनच वाटा उरतात, पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षा नाहीतर परत रानात. 2023 च्या तलाठी भरतीला 4,644 जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. आमचे कितीतरी विद्यार्थी त्या दहा लाखांत होते.

माझं मत पक्कं आहे. नोकरीची तयारी पदवीनंतर क्लास लावून होत नाही, ती पदवी चालू असताना खऱ्या कामावर होते आणि ती जुळवून देणं हे महाविद्यालयाचंच काम आहे. तर तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: तुमच्या क्षेत्रात अशा मुलाला नेमकं कुठलं काम देता येईल, यायच्या आधी त्याला काय यायला हवं, आणि तुम्ही स्वतः घ्याल का?

जमाखर्च

सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घेईन. सांगलीत माझं ऑफिस आहे, सीए आहे. एका वेळी दोन मुलं.

पण माझी एक अट आहे. 120 तास पंधरा दिवसांत उरकून देऊ नका. आमचं काम महिन्याच्या चक्रावर चालतं. दर महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरण, अकरा तारखेपर्यंत, चौदाला 2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी, येतं, वीसला 3बी, म्हणजे कर भरायचं विवरण. मुलगा रोज तीन-चार तास असा दीड-दोन महिने आला तर हे चक्र त्याला दोनदा दिसेल. पहिल्यांदा तो बघेल, दुसऱ्यांदा करेल. पंधरा दिवस सलग आलेला मुलगा नेमका 21 तारखेला आला तर ऑफिस थंड असतं आणि तो नुसता फायली लावून परत जातो.

यायच्या आधी काय यावं, तेही सांगतो. टॅलीचा कोर्स केलेली मुलं येतात, एंट्री मारतात, पण बिल वाचता येत नाही. मी पहिल्या दिवशी वीस-पंचवीस खरेदी बिलांचा गठ्ठा देतो आणि साध्या वहीत खरेदी रजिस्टर लिहायला सांगतो. मिरज-सांगलीच्या व्यापाऱ्याकडे कर्नाटकातली बिलं हमखास असतात. जीएसटी नंबर 27 ने सुरू झाला तर महाराष्ट्र, 29 ने झाला तर कर्नाटक. पहिल्यावर केंद्राचा आणि राज्याचा वेगवेगळा कर, सीजीएसटी-एसजीएसटी, दुसऱ्यावर आंतरराज्य आयजीएसटी. ज्याला हे कळतं तो पुढे 2बी शी मेळ घालताना "दादा, या पार्टीने आपलं बिल दाखवलेलंच नाही" असं स्वतःहून सांगतो. ते ज्या दिवशी तो सांगतो त्या दिवशी तो कामाचा झाला. हे शिकवायला संगणकसुद्धा लागत नाही, तुमच्या गावातल्या दुकानदाराकडून जुनी बिलं मागून आणा.

चाकणकर

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एचआरला आहे. प्लेसमेंट सेलवाल्या सगळ्या सरांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितो.

अप्रेंटिसशिप म्हटलं की आपल्याकडे आयटीआय आणि डिप्लोमाच डोळ्यांसमोर येतो. मूळ कायदा 1961 चा, पण 2014 च्या दुरुस्तीनंतर बिगर-अभियांत्रिकी पदवीधरही त्यात येतात. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे आणि त्या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजले जातात. आमच्यासारख्या कंपन्या हा आकडा शॉप फ्लोअरवरच भरून टाकतात. पण स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स, टाइम ऑफिस, खरेदी विभाग इथे बीकॉम, बीए चालतो. मागायला कुणी येत नाही म्हणून जागा निघत नाही.

पदवीधरांसाठी नॅट्सचं, म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेचं, पोर्टल आहे. मुदत एक वर्ष. 2019 च्या नियमांत पदवीधराला महिना किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं आणि त्यातला निम्मा वाटा, म्हणजे 4,500 पर्यंत, केंद्र सरकारचा होता. पश्चिम विभागाचं अप्रेंटिसशिप बोर्ड मुंबईत शीवला आहे. पदवी मिळून पाच वर्षांच्या आत असावं आणि आधी वर्षभराचा अनुभव नसावा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर सरकारी वाटा अडकतो, ते आधी करून घ्या. हे पदवीनंतरचं आहे, ओजेटीपेक्षा वेगळं. पण ओजेटी नीट झालेला मुलगा आम्ही अप्रेंटिस म्हणून डोळे झाकून घेतो.

मुलाखतीबद्दल. ग्रामीण मुलांना इंग्रजीची भीती घातली जाते, ती आधी काढा. मी फ्रेशरला एकच गोष्ट विचारतो: तुम्ही शेवटचं पूर्ण केलेलं एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा. एका मुलाने गणेश मंडळाचा हिशेब सांगितला. पावतीपुस्तकं कुणाकुणाला दिली, कोरी किती परत आली, मंडपवाल्याचं बिल आणि ठरलेली रक्कम यात फरक कुठे पडला, तो कसा मिटवला. सगळं मराठीत. त्याच्या बायोडेटात यातलं एक अक्षर नव्हतं, तिथे छंद म्हणून "वाचन, क्रिकेट" लिहिलं होतं. तो आज आमच्या स्टोअरला आहे. ईमेल लिहिण्यापुरतं इंग्रजी तो सहा महिन्यांत शिकला.

लॅक्टोमीटर

बीएस्सीवाल्यांसाठी लिहितो. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, कोल्हापूर जिल्ह्यात.

रसायनशास्त्राच्या मुलांनी कॉलेजात टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडून मोजणी, केलेलं असतं, पण ते जर्नल पूर्ण करण्यापुरतं. आमच्याकडे टँकर आला की 10 मिली दूध, थोडं फिनॉल्फ्थेलिन आणि बुरेटमधून एन/10 सोडियम हायड्रॉक्साइड. फिक्का गुलाबी रंग आला आणि हलवल्यावर टिकला की थांबायचं. त्या रीडिंगवरून आम्लता निघते आणि तिच्यावर अख्ख्या टँकरचा निर्णय होतो. बाहेर ड्रायव्हर उभा, आत दोनदा फोन आलेला, आणि तुम्हाला दशांशापर्यंत बरोबर रीडिंग घ्यायचंय. कॉलेजात गडद गुलाबी झालं तर पुन्हा करता येतं. इथेही करता येतं, पण मग रांग वाढते. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), स्टार्चसाठी आयोडीन, युरियाची तपासणी, सगळं त्यांच्या अभ्यासक्रमाला चिकटून आहे.

माझी तक्रार एवढीच की कॉलेजकडून शिफारसपत्र येतं, विद्यार्थी येतो, प्राध्यापक एकदाही येत नाहीत. एकदा या. सकाळची पाळी बघा, मग तुमचं प्रॅक्टिकल तुम्ही वेगळं घ्याल.

मिरजेची_मी

सर्वांना नमस्कार. मी बीए मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वरचं सगळं वाचलं, पण त्यात माझ्यासाठी काय आहे ते कळलं नाही. आमच्या वर्गात सगळे म्हणतात की मराठी घेतलं म्हणजे बीएड नाहीतर स्पर्धा परीक्षा. मला दोन्हीकडे जायचं नाही असं नाही, पण आत्ता मी काय करू ते कुणी सांगेल का?

कंपोजिटर

मिरजेची_मी, तुझ्यासाठी लिहितोय. मी पुण्यात छपाई आणि अनुवादाचं काम करतो, पंचवीस-तीस जणांचं कार्यालय आहे.

मराठी नीट लिहिणारं माणूस आम्हाला मिळत नाही, हे मी मनापासून सांगतो. बँकांची माहितीपत्रकं, औषधांसोबतचे कागद, सरकारी योजनांची भित्तिपत्रकं, अ‍ॅपमधला मजकूर, व्हिडिओखालच्या ओळी, हे सगळं रोज मराठीत करावं लागतं. यंत्राने केलेला मसुदा हल्ली आधी येतो आणि तो माणसाला सुधारावा लागतो. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, वाक्याची मोड हे डोळ्याला खटकलं पाहिजे. ते तुझ्या वर्गात शिकवलं जातं.

आत्ता काय करायचं? युनिकोडमध्ये मराठी टायपिंग शिक, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा दे, मराठी 30 शब्द प्रति मिनिट. हीच अट लिपिक-टंकलेखक पदाला लागते, म्हणजे उद्या सरकारी भरतीकडे वळलीस तरी ती उपयोगी पडते. आणि गावातल्या एखाद्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल मागून घे, मुद्रितशोधन करून दे. आधीचं पान आणि नंतरचं पान शेजारी ठेवून मला दाखव. त्या दोन पानांवर मी काम देतो, गुणपत्रिका मागत नाही.

विचारी_वाटसरू

थोडा वेगळा सूर लावतो. विद्यापीठाचं काम दूध संघाला केमिस्ट आणि सीएला मदतनीस पुरवणं आहे का? इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य शिकणाऱ्याला विचार करता यावा, प्रश्न विचारता यावेत, हा पदवीचा हेतू. कंपन्यांनी आपलं प्रशिक्षण आपल्या खर्चाने करावं. पूर्वी ते करत होते. आता तो भार महाविद्यालयावर आणि विद्यार्थ्याच्या फुकट तासांवर ढकलला जातोय. 120 तासांचं विद्यावेतन कोण देणार, हा प्रश्न वर एकानेही काढलेला नाही.

कृष्णाकाठ

वाटसरू, विद्यावेतनाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. निदान जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण, हे मी प्रत्येक ठिकाणी लेखी मागणार आहे.

पण पहिल्या भागाशी मी सहमत नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो. सहकारी पतसंस्थेत महिनाभर बसलेली विद्यार्थिनी थकबाकीबद्दल जे प्रश्न विचारते ते पुस्तक वाचून आलेले नसतात. सोनं तारण ठेवणाऱ्या बाया कुठल्या महिन्यात जास्त येतात, हे तिने नोंदवहीतून काढलं आणि शाळा-कॉलेजच्या फीचे महिने आणि पेरणीचा हंगाम तिच्या लक्षात आला. हे विचार करणंच आहे. ज्यांच्या घरी पदवीनंतर दोन वर्षं थांबायची ऐपत आहे त्यांनी हेतूवर शांतपणे बोलावं. माझ्या वर्गात ती ऐपत कुणाकडे नाही.

तहसीलमधून

राज्य सेवेत आहे, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतूनच आलो, म्हणून त्या वाटेबद्दल लिहितो. ती वाट वाईट नाही. मात्र "पदवी झाली की पुण्याला जाऊ" हा बेत वाईट आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. उत्तरं लिहावी लागतात, वैकल्पिक विषय घ्यावा लागतो. म्हणजे बीएच्या वर्गात ज्याने आपला विषय मनापासून वाचला आणि दर आठवड्याला दोन पानं लिहून सरांना दाखवली, त्याची तयारी गावातच सुरू झाली. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास यांचा खर्च घरच्यांनी किती वर्षं करायचा हे जायच्या आधी घरात बसून ठरवा आणि तो आकडा सगळ्यांना माहीत असू द्या. सारथी, बार्टी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांचं प्रशिक्षण आणि विद्यावेतन आहे, त्यांच्या जाहिराती प्लेसमेंट सेलने फलकावर लावायला हव्यात.

आणि तहसील कार्यालयात ओजेटीला मुलं पाठवा. निवडणूक शाखा, पुरवठा शाखा, सेतू. ज्याला अधिकारी व्हायचंय त्याने आधी एक महिना अर्जदार कसे ताटकळतात ते टेबलाच्या या बाजूने बघावं.

2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिना 10,000, आधी सहा महिने आणि मग मुदत वाढून अकरा. आमच्या कार्यालयात आलेल्यांपैकी ज्यांना साहेबांनी खरं काम दिलं ती मुलं तयार झाली, ज्यांना बसवून ठेवलं त्यांचं वर्ष गेलं. तुमच्या ओजेटीचंही हेच होईल. कुणाकडे पाठवता ते जागेपेक्षा माणूस बघून ठरवा.

वारणेची_आई

मी शिकलेली कमी आहे, मुलगी लिहून देतेय. ती बीकॉमला आहे. सर, इथे सांगलीच्या ऑफिसात पाठवा म्हणतात, बसला अर्धं तिकीट आहे ते बरं, पण आमच्या गावाला शेवटची एसटी साडेसहाची. ती चुकली की फाट्यावर उतरून अंधारात चालावं लागतं. ऑफिसवाले "आज जरा थांब" म्हणाले तर मुलगी नाही म्हणू शकत नाही. मग घरात बोलणी सुरू होतात आणि शिक्षणच थांबतं. मुलींना गावाजवळ काम बघा किंवा वेळ लिहून घ्या. एवढीच विनंती.

जमाखर्च

ताई, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींची वेळ अकरा ते तीन, लेखी देतो. आणि मुली दोघी मिळूनच येऊ देत, येता-जाता सोबत होते.

निवृत्त_ग्रंथपाल

आपण दूरच्या कंपन्या शोधतोय आणि जवळचं विसरतोय. कर्मवीर अण्णांनी साताऱ्याला 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते "कमवा आणि शिका" याच पायावर. पुणे विद्यापीठातही याच नावाची योजना आजवर चालते, तासावर मोबदला देऊन. महाविद्यालय ही स्वतःच एक काम देणारी जागा आहे. ग्रंथालय, कार्यालय, प्रवेशाचा हंगाम, परीक्षा विभाग.

माझ्या ग्रंथालयात मुलं देवघेव बघायची, वर्षाअखेर पुस्तक पडताळणी करायची. दाखल नोंदवहीतला क्रमांक आणि कपाटातलं पुस्तक जुळवत जायचं. गहाळ पुस्तकाची नोंद करताना एक मुलगा म्हणाला, हे मागच्या वर्षी बांधणीला गेलंय, बांधणीची पावती बघू. तिथे सापडलं. दुसऱ्या वर्षी कॉलेजातच असं काम केलेला मुलगा तिसऱ्या वर्षी बाहेर गेला की बिचकत नाही. सर, ओजेटीची तयारी इथून सुरू करा. मुलींच्या एसटीचा प्रश्नही निम्मा सुटेल.

स्टुटगार्टकर

मी मूळचा इस्लामपूरचा, सध्या जर्मनीत. इथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात ड्युआल होखशूल नावाचं विद्यापीठ आहे. त्याची मुळं 1974 च्या एका प्रयोगात, विद्यापीठाचा दर्जा 2009 ला मिळाला. तिथे विद्यार्थी आधी कंपनीशी तीन वर्षांचा करार करतो, मग प्रवेश होतो. साधारण तीन महिने वर्गात, तीन महिने कंपनीत, असं आलटूनपालटून चालतं. पगार दर महिन्याला, वर्गात असतानाही. वाटसरूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे कंपन्यांनी असं दिलंय: शिकवण्याचा खर्च त्यांच्याही खात्यावर. आपल्याकडेही यूजीसीने पदवीतच अप्रेंटिसशिप गुंफायची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, निदान एक सत्र कामावर. तुमच्या विद्यापीठात बीकॉमसाठी तसा अभ्यासक्रम मागता येईल, प्राचार्यांना बोला.

जाता जाता, महाराष्ट्राचा 2024 मध्ये याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्याच्या नावाने एजंट पैसे मागत फिरतील. परिचारिका, वीजतंत्री अशा कौशल्यांसाठी तो आहे आणि भाषा शिकल्याशिवाय इथे कुणी उभं करत नाही. नुसत्या पदवीवर जर्मनी, असं कुणी सांगितलं तर एक रुपयाही देऊ नका.

मिरजेची_मी

कंपोजिटर सर, वाचनालयाचा अहवाल मिळाला. अठ्ठावीस पानी आहे. पहिल्या पानावरच "कार्यकारीणी" लिहिलंय, रि दीर्घ करून. पूर्ण झाला की पाठवू ना?

कंपोजिटर

पाठव. दुरुस्त्या लाल शाईने समासात कर, मूळ शब्द खोडू नकोस. आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाजाने बदलू नकोस.

कृष्णाकाठ

मंडळी, मनापासून आभार. आज प्राचार्यांशी बोलणं झालं. दुसऱ्या वर्षाच्या वीस मुलांना ग्रंथालय आणि कार्यालयात तासावर घ्यायला त्यांनी होकार दिलाय. ओजेटीसाठी एक साधी डायरी करतोय: रोज चार ओळी, आज काय केलं, कुठे अडलं, कुणाला विचारलं, उद्या काय. जिथे मुलं जातील तिथे विषयाचे प्राध्यापक किमान दोनदा जातील, हेही विभागांच्या बैठकीत ठरवून घेतलं. एकाच पेनाच्या सह्या मी स्वीकारणार नाही, हे वर्गात सांगितलंय.

लॅक्टोमीटर, आमचे रसायनशास्त्राचे दोन प्राध्यापक यायला तयार आहेत. सोबत चार मुलं. कधी येऊ आणि काय आणायचं?

लॅक्टोमीटर

गुरुवारी या, सहाच्या आत गेटवर. पहिला टँकर साडेसहाला लागतो. कॉलेजचे पांढरे कोट चालतील, पण चप्पल नको, बूट लागतील, जमीन कायम ओली असते. मुलांची नावं आणि आधारची झेरॉक्स आदल्या दिवशी पाठवा म्हणजे गेटपास तयार ठेवतो. आणि सरांनाही बुरेट हातात घ्यावी लागेल.